वरच्या मजल्यावरची खुर्ची

विद्यापीठाने माझी जागा आज संध्याकाळपर्यंत राखून ठेवली होती. हो म्हटलं तर नोकरी सोडून दोन वर्षं बायोइन्फर्मेटिक्सचं एमएस्सी. नाही म्हटलं तर पुन्हा तेच पिपेट आणि हा दुखरा अंगठा.

अकरा वर्षं शामीरपेटच्या या लॅबमध्ये मी रुग्णांचे डीएनए थेंब थेंब मोजून प्लेटच्या खळग्यांत सोडतेय. दर थेंबाला अंगठ्याने पिपेट दाबायचं. डॉक्टर म्हणतात, हे काम सोडा. सोडून करू काय? आमच्याच थेंबांमधून निघालेली डीएनएची अक्षरं संगणकावर वाचणारी मंडळी वरच्या मजल्यावर बसतात. मला तिथे बसायचंय. प्रोग्रामिंग मी घरी बसून शिकले, तरी लॅबचे प्रमुख राव सर, त्यांचं पालुपद एकच, "डिग्री आणा, मग बोलू."

दुपारी डबा घेऊन वर श्रवंतीकडे गेले. ही पोरगी आधी माझ्या हाताखाली होती. मग तीच डिग्री करून वर जाऊन बसली.

"खरं सांग, त्या दोन वर्षांत शिकवलं काय?"

तिने माझ्या डब्यातली गोंगुरा चटणी स्वतःच्या भातावर ओढली. "अक्का, आमचे सर स्वतःच यूट्यूब बघून यायचे. अर्धं तर तुला आत्ताच येतं."

"मग प्रवेश नको घेऊ?"

"असं कुठे म्हटलं मी? त्या कागदाशिवाय तुझा अर्ज कुणी उघडणारसुद्धा नाही."

"झालं! म्हणजे विचारूनही मी होते तिथेच."

ती हसली आणि मग जरा जपून म्हणाली, "अक्का, कालची प्लेट तूच लावलीस ना?"

"का गं?"

"बायकांचे नमुने पुरुषांचे निघतायत. आणि शेवटच्या खळग्यात आपण नुसतं पाणी ठेवतो ना, ते पहिल्या खळग्यात निघालंय. प्लेट मशिनमध्ये उलटी बसलीय."

प्लेटचा एक कोपरा कापलेला असतो, तो डावीकडे वर ठेवायचा. काल अंगठा इतका ठणकत होता की मी प्लेट डाव्या हाताने उचलली आणि तशीच फिरवून ठेवली. हातातला घास मी डब्यात परत ठेवला.

"रिपोर्ट गेले?"

"अडवलेत मी. उद्या पुन्हा लावू, जेव तू."

"पण तुला कळलं कसं? कुठल्या सेमिस्टरला होतं हे?"

"सेमिस्टर कसलं डोंबलाचं! मी नवी असताना उलटी लावली होती, विसरलीस? सगळ्यांसमोर झापलं होतंस मला. पाणी कुठे निघालं ते आधी बघ, हे तूच तर शिकवलंस."

मी जेवण अर्धवट टाकून राव सरांकडे गेले. आधी चूक सांगितली. मग म्हटलं, "सर, ती पकडली गेली ती मी शिकवलेल्या गोष्टीमुळे. मला वर घ्या, अशीच."

सर रागावले नाहीत. "अम्मा, उद्या हॉस्पिटलवाल्यांनी विचारलं, रिपोर्ट वाचणाऱ्या बाईंचं शिक्षण काय, तर मी काय सांगू?" माणूस वाईट नाही, म्हणून तर भांडताही येईना.

"मग जातेच मी डिग्रीला," म्हणाले आणि बाहेर पडले.

जिन्यात उभी राहून फोन काढला. मला येतंय तेच शिकायला दोन वर्षं घालवायची, तीही यूट्यूब बघून येणाऱ्या सरांपुढे बसून. आधी भयंकर राग आला, मग त्या रागाचाही कंटाळा आला. सवयीने उजव्या अंगठ्यानेच होकार दाबला. कळ पार कोपरापर्यंत गेली.

खाली उतरत होते तेवढ्यात वरून राव सरांनी हाक मारली.

"अम्मा, जायच्या आधी नव्या पोरींना सगळं नीट शिकवून जा हं. तुमच्याइतकं इथे कुणालाच येत नाही."