दोन ओळींचा नियम

बकुळेने बैलाच्या मानेवरचा फडका उचलला, तसा तो बिचकून मागे सरला. जुवाने कातडे सोलून निघाले होते आणि जखमेच्या कडेला पू धरला होता.

"नुसत्या हळदीनं भागायचं नाही," ती म्हणाली. "पंधरा दिवस रोज धुवायला हवी. आणि तोवर जू नको."

बैलाची धनीण जमुनाबाई त्याला टोंकखुर्दहून चालवत देवासपर्यंत आली होती. "तो राखी लो नी, बई. पंदरा दन बाद लई जऊँगा."

पांजरापोळाच्या फाटकात उभ्या असलेल्या उमाशंकर मुनिमाने मान हलवली. "आत घेतला की घेतला, ताई. जन्मभर बसून खाईल, पण बाहेर नाही जायचा. दस्तूरच है."

"म्हारे एकज बैल है," जमुनाबाई म्हणाली आणि तिने दावे मनगटाला आणखी एक वेढा देऊन धरले.

बकुळेने फडका जखमेवर परत टाकला. मुनिमाचे हे उत्तर तिला पाठ झाले होते. तिचे वडील, बापू, दरबारच्या पागेत घोड्यांचे वैद्य होते. नोकरी सुटल्यावर ते घरच्या परसात गाडीवाल्यांचे बैल बरे करून परत पाठवीत, आणि बकुळा पाण्याचे घंगाळ धरून शेजारी उभी असे. ते गेल्यावर, पांजरापोळातच औषधोपचाराची एक पडवी त्यांच्या नावाने उभी राहावी म्हणून ती पाच महिने दारोदार फिरत होती. घराघरांत तिने मडकी ठेवली होती. दळण झाले की एक मूठ पीठ त्यात टाकायचे; ते विकून पडवीला पैसा उभा करायचा. देवास दोन गाद्यांत वाटलेले; थोरल्या पातीतल्या बायका म्हणत, पांजरापोळ धाकट्या पातीत आहे, तिकडेच माग. धाकट्या पातीतल्या म्हणत, जनावरं तर तिकडचीच येतात. तरी मडकी भरत होती. मग बरा झालेला बैल पुन्हा जुवाखाली जाणार हे गावभर झाले, आणि एकेका घरात मडके पालथे पडले. बैलाला जुंपण्याचे पाप आपल्या पिठाला नको.

"बापूचं नाव घेऊन आणखी किती उंबरे झिजवणार आहेस?" बरोबर आलेल्या भवानीआत्या म्हणाल्या. "तो असता तर त्यानंच तुला घरी बसवलं असतं."

"आज पंच बसलेत," बकुळा म्हणाली. "आज शेवटचं विचारते."

ओसरीवर पांजरापोळाचे प्रमुख शालिग्रामसेठ आणि दोघे पंच तक्क्यांना टेकून होते. बकुळा खांबाजवळ बसली. सेठनी तिचे सगळे ऐकून घेतले, मधे एकदाही तोडले नाही, आणि तेच उत्तर दिले.

"चारा मागा, गाईंना छप्पर मागा, आत्ता देतो. वर बापूसाहेबांचं नाव कोरू. पण हा नियम त्यांचाच आहे, ताई. छपन्याच्या दुकाळात, संवत छप्पन्नच्या सालात, त्यांनीच लिहून दिला."

बकुळेने मान वर केली. "बापूंनी?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"मला तो कागद पाहायचा आहे."

पेटी आली. कागद मोडी लिपीत होता. तो वाचणारे गणपतराव कारकून प्लेगात गेले होते आणि सेठांकडे आता मोडी कोणालाच येत नव्हती. बकुळेला ती बापूंनीच शिकवली होती; तिने घडी उलगडली. बापूंच्या हातचे अक्षर. र ची तीच लांब शेपटी, ओळ संपताना उजवीकडे चढत जाणारी. तिने अंगठा त्या अक्षरांवर ठेवला आणि काढून घेतला.

नियम दोन ओळींचा होता. लोक दुकाळात जनावर सोडून जातात, पाऊस पडल्यावर मागायला येतात आणि नेऊन खाटकाला विकतात, सबब आत आलेले जनावर कोणाही धन्यास परत देऊ नये. पळवाट कुठेच नव्हती. बापूंनी ठेवलीच नव्हती.

"मोठ्यानं वाचा," सेठ म्हणाले. "या दोघांनाही ऐकू दे."

फाटकाबाहेरून बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. बकुळेने कागद जरा वर धरला.

"आत आलेले जनावर कोणाही धन्यास परत देऊ नये," तिने वाचले. श्वास घेतला. "मात्र जे जनावर उपचाराने बरे होईल आणि ज्याचा धनी त्यास पोटच्या पोराप्रमाणे सांभाळील, ते त्याचे हवाली करावे. त्यात पाप नाही."

एक पंच पुढे वाकला. "हे तर कधी ऐकलं नव्हतं."

"पुन्हा वाचा," सेठ म्हणाले.

तिने पुन्हा वाचले. या खेपेस 'हवाली करावे'च्या जागी 'घरी पाठवावे' आले. ते तिच्या ध्यानात आले तेव्हा वाक्य संपले होते. सेठ तिच्या तोंडाकडे पाहत नव्हते. ते कागदाकडे, तिच्या बोटाकडे पाहत होते. ते बोट दुसऱ्या ओळीच्या टोकाशी केव्हाच येऊन थांबले होते.

भवानीआत्यांनी पदर सारखा केला.

"बापूसाहेब," सेठ सावकाश म्हणाले, "दोन ओळींत पुष्कळ लिहीत."

"पण सेठजी, मला पक्कं आठवतं—" पंच म्हणाला.

"भिया, छपन्यात भुकेनं कुणाचं डोकं ठिकाणावर होतं?" सेठनी तक्क्यावरून अंग काढले. "उमाशंकर, त्या बाईचा बैल आत घे. उद्या पडवीची जागा पाहू."

बकुळा कागद परत द्यायला उठली. सेठनी हात पुढे केला नाही.

"तो घरी न्या, ताई. इथे उधई फार, कागद खाऊन टाकील."

फाटकाशी जमुनाबाईने बैल उमाशंकरच्या हाती दिला नव्हता, ती त्याच्याबरोबरच आत निघाली होती. बकुळेच्या हातातला कागद पाहून ती थबकली.

"इणमें लिख्यो है? म्हारो बैल पाछो मिलेगा?"

"मिळेल."

"कणे लिख्यो?"

"माझ्या वडिलांनी."

जमुनाबाईने कागदाला बोटे लावून ती कपाळाला नेली. "थारो बाप देवता थो, बई."

"फार रागीट होते," बकुळा म्हणाली. तिने कागद घडी करून छातीशी धरला. जमुनाबाईने दावे डाव्या हातात घेतले आणि मोकळा झालेला उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला.