वीस मिनिटांची वाट

सकाळी चारुलताबाईंनी देवासहून धारला विहीणबाईंना, सावित्रीबाईंना, फोन लावला, तो धीर द्यायला. चारुलताबाईंची सून अपूर्वा मालदीवच्या एका बेटावर नर्स होती आणि मुलगा मयुरेश दुसऱ्या बेटावर शाळेत शिकवत होता. पहाटे अपूर्वाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. चारुलताबाईंनी मोबाइलवर दोन्ही बेटांची नावं घातली, तर उत्तर आलं : अंतर ऐंशी किलोमीटर, विमानाने वीस मिनिटं.

“सावित्रीबाई, दोन्हीकडे विमानतळ आहे. मयुरेश दुपारपर्यंत पोचतोच.”

दुपारी मयुरेशचा फोन आला. तो अजून आपल्याच बेटावर होता.

“आई, ते नुसतं मोजलेलं अंतर गं. इथून तिथे विमानच जात नाही. आधी राजधानीला, मालेला जायचं, तिथून दुसरं पकडायचं. आजचं भरलंय. कुणी आलं नाही तर मला बसवतील.”

“मग बोटीने?”

“समुद्र खवळलाय. बोटी बंद.”

हे सांगायला त्यांनी धारला फोन केला, पण सावित्रीबाईंनी पुरतं ऐकूनच घेतलं नाही. “माझी पोर तिथे एकटी पडलीय, आणि तुमच्या चिरंजीवांना वीस मिनिटांची सवड नाही?” फोन बंद झाला. पुन्हा लावला तर कुणी उचलेना.

लग्नाला चार वर्षं झाली, तरी दोन्ही घरांत सणावारापुरतंच बोलणं. जात वेगळी, रीत वेगळी. शेवटी चारुलताबाईंनी पिशवीत एक लुगडं कोंबलं आणि बस गाठली.

इंदूरला उतरून गंगवाल स्टँडपर्यंत रिक्षात हाडं खिळखिळी झाली. धारच्या बसमध्ये जागा नव्हती. “माँजी, बोनट पे बैठ जाओ,” कंडक्टर म्हणाला. त्या बसल्या. खाली इंजिन तापत होतं, पाय सुजले होते, आणि मनात चीड होती ती स्वतःचीच. न विचारता कशाला शब्द दिला?

दार सावित्रीबाईंनीच उघडलं. डोळे सुजलेले.

“मी चुकीचं सांगितलं,” चारुलताबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. “थेट विमान नाहीच तिथे. तो सकाळपासून धावपट्टीशी बसलाय. फोनवर पटलं नसतं, म्हणून आले.”

सावित्रीबाईंनी त्यांच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं. “या आत. पाणी देते.”

संध्याकाळी निरोप आला : मयुरेशला जागा मिळाली, तो मालेला पोचला, पुढचं विमान सकाळी. दोघी जेवल्या. सावित्रीबाईंना पंखा लागत होता, चारुलताबाईंना सोसत नव्हता. सावित्रीबाईंनी तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मयुरेश अपूर्वाच्या खाटेशी होता. ती झोपली होती, ताप उतरला होता. मयुरेशचा आवाज इतका थकलेला, की चारुलताबाईंना तो ओळखूच येईना. सावित्रीबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला. जावयाशी त्या आजवर थेट अशा बोललेल्याच नव्हत्या.

“जेवलात का?”

“नाही, आईसाहेब.”

“आधी दोन घास खा. मग सांगा सगळं.”

चारुलताबाईंनी भिंतीला डोकं टेकलं. फोनवरचं बोलणं चालूच होतं, पण त्यांचे डोळे मिटत चालले होते.