फळ्यावर तीन जागा होत्या

मेकॅनिकलच्या तीन जागा शिल्लक होत्या. फळ्यावर खडूनं लिहिलेला आकडा मी माझ्या डोळ्यांनी बघितला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर सारवासारव करायला तोंड राहणार नाही.

अठ्ठ्याण्णवचा जुलै. माझी धाकटी बहीण विनी दहावीला एक्क्याऐंशी टक्के घेऊन पास झाली आणि ऐन डिप्लोमाच्या प्रवेशाला काविळीनं आडवी पडली. मुंबईच्या पॉलिटेक्निकमध्ये नंबर पुकारला की टेबलासमोर उभं राहून शाखा सांगायची. स्वतःला येता येत नसेल तर अधिकारपत्र देऊन घरचं माणूस पाठवायचं. तिनं झोपल्या झोपल्याच सही केली.

"मेकॅनिकल बोल. नायच मिळालं तर इलेक्ट्रिकल. विसरू नको, ग्लेन."

विसरण्यासारखं नव्हतंच ते. आम्ही पाचूबंदरचे मासेमार. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की बापूस इंजिन अंगणात आणून उघडायचा आणि विनी त्याच्याबरोबर बसायची. नोझल रॉकेलमध्ये धुवायची, नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायची. बापूस बोटवाल्यांना ऐकवायचा, "इंजिनाची नाडी समजते ती माझ्या पोरीला. आमचा ग्लेन बरफ फोडतो!" सगळे हसायचे. मीपण हसायचो. दहावीत दोनदा आपटून मी बर्फाच्या कारखान्यात लागलो होतो.

टेबलामागच्या साहेबानं विचारलं, "बोला. मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल?"

"इलेक्ट्रिकल."

"शहाणे आहात. मुलगी वर्कशॉपमध्ये काय घण मारणार?"

मी मान हलवली आणि त्याच्या मूर्खपणाआड लपलो. कुणी विचारलंच तर हेच सांगणार होतो, की बहिणीच्या भल्याचा विचार केला. थापा सगळ्या. माझं पोट दुखत होतं, दुसरं काही नाही. बापसाचं ते कौतुक कागदावर शिक्का मारून तिच्या नावावर व्हायला नको होतं मला.

घरी येऊन म्हणालो, "मेकॅनिकल भरलं."

"माझ्या आधीच?"

"तुझ्या आधीच."

"जाऊ दे. तू तरी काय करनार," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

प्रवेशाच्या पावतीच्या मागे छापलेलं होतं: दहा दिवसांनी दुसरी फेरी, अकरा वाजता, रिकाम्या जागेवर शाखा बदलून मिळेल. ती पावती मी तिला दाखवलीच नाही.

रविवारी चर्चमध्ये कुमसाराला गेलो आणि घरी खोटं बोललो एवढंच सांगितलं. जाळीपलीकडून फादरनी विचारलं, "ह्या खोट्यानं कुणाचं नुकसान झालं का, बाळा?"

"नाय, फादर."

देवासमोर गुडघे टेकून पाप कबूल करतानाही खोटं बोललो. फादरनी पाच वेळा 'नमो मरिया' म्हणायला सांगितलं. म्हटलं. रस्त्यावर आलो तरी हलकं वाटलं नाही.

दुसऱ्या फेरीच्या सकाळी विनी पहिल्यांदा बाहेर येऊन बसली. बापसानं नोझल तिच्यापुढे धरला. "बघ गो, काय म्हनतोय."

"नको, पप्पा," ती म्हणाली. "आता वायरीच शिकायच्यात ना." आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.

मी आत गेलो, चहा प्यायलो, परत बाहेर आलो, परत आत. नऊ वाजून गेले. मुंबई गाठायला दोन-अडीच तास लागायचे. शेवटी तिला मागच्या दारी बोलावून पावती हातात दिली.

"जागा होत्या."

"किती?"

"तीन."

मला वाटलं, कानाखाली मारेल. तिनं पावती उलटी करून वाचली आणि चपला घातल्या. बापसाला ओरडून सांगितलं, "पप्पा, दुसरी फेरी आहे, जाऊन येते." मी मागोमाग निघालो. काविळीतून नुकतीच उठलेली, स्टेशनचा जिना चढताना कठडा धरून दोनदा थांबली. मी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. मेकॅनिकलपुढे शून्य होतं.

साहेबानं यादीवर बोट फिरवलं. "एक जागा सुटली होती. तुमचाच नंबर पहिला पुकारला. दोनदा पुकारला. कोणी उठलं नाही, मग खालच्याला दिली."

विनीनं त्याला 'थँक्यू सर' म्हटलं. कशाबद्दल, देव जाणे.

घरी बापूस दारातच उभा. "काय झालं?"

"भरलं, पप्पा," विनी म्हणाली. "एक सुटली होती, ती गेली."

बापूस माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पहिल्या टायमाला हा धावत गेला म्हनून इलेक्ट्रिकल तरी गावलं. नायतर कोन करतं?"

विनी आत गेली नाही. उंबऱ्यावर थांबून माझ्याकडे बघत राहिली. मी तोंड उघडावं म्हणून थांबली होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

"हो ना, पप्पा," मी म्हणालो.