विमेवाले नको म्हणतात

हार्लन स्टकीने जेट विमान घेतलं तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली, आणि ते पोसायला काय पडतं हे कळल्यावर ती बाहेर काढायचं गाव विसरून गेलं. पन्नास लाख डॉलरचं विमान, तेही जुनं. धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवणाऱ्या माणसाला हे कशाला हवं, असं कॅन्ससमध्ये कुणी तोंडावर विचारत नाही, पाठीमागे विचारतात. हार्लनचं उत्तर ठरलेलं असायचं. "अरे बाबांनो, माझी गिऱ्हाइकं डाकोटापासून टेक्सासपर्यंत पसरलीत. गाडीने गेलो तर मी पोचेपर्यंत त्यांचा मका सडेल." ते खोटंही नव्हतं. पण दाराशी हत्ती झुलवायचा म्हणजे त्याचा चारा आलाच. इंजिनांच्या देखभालीचे पैसे वर्षाचे ठरलेले तास धरून आधीच भरायचे, विमान उडो न उडो. हँगरचं भाडं, वर्षाची तपासणी, नकाशांची वर्गणी, वैमानिक ऑरिन पेनरचा पगार. आणि दर एप्रिलला विमा.

विम्याचं काम विचिटाची रोबर्टा ट्रास्क बघायची. दलाल खरी, पण बाई सरळ. त्या एप्रिलमध्ये तिचा फोन आला तेव्हा हार्लन कारखान्यातल्या ऑफिसात बसून विमानाच्या खुर्च्यांसाठी चामड्याचे नमुने चाळत होता.

"हार्लन, तुझा ऑरिन सत्तरीचा झाला रे," ती म्हणाली.

"मग? केक पाठवू?"

"केक नको, चेक पाठव." ती हसली, मग हसायची थांबली. "हे बघ, पॉलिसीत वैमानिकाचं नाव लागतं. सत्तरीनंतर ते नाव कुणी ठेवून घेत नाही. चार कंपन्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. पाचवी तयार आहे. म्हणतात, वर्षातून एकदा नाही, दोनदा त्याने नकली कॉकपिटमध्ये परीक्षा द्यायची, शेजारी कायम दुसरा वैमानिक हवा, आणि हप्ता एकोणीस हजाराने जास्त. सगळं धरून वर्षाला पंचेचाळीस हजार वाढतील. पण घेतायत हं त्याला! त्याची नोंद बघून खूश झाले. त्यांचं पत्र ईमेलने पाठवलंय तुला, वाच."

हार्लनने पत्र उघडलं. वाचलं. "आणि कुणी तरुण ठेवला तर?"

"तर गेल्या वर्षीएवढाच हप्ता. पण सव्वीस वर्षं झाली रे त्याला तुझ्याकडे."

"मला वर्षं मोजून दाखवू नकोस, रोबर्टा."

फोन ठेवून त्याने किती वेळ विचार केला म्हणाल? कॉफी निवेपर्यंतसुद्धा नाही. आणि त्याच दुपारी त्याने खुर्च्यांसाठी नमुन्यातलं सगळ्यात महागडं, इटलीचं चामडं पसंत केलं. त्याचे झाले बेचाळीस हजार. दात कोरून पोट भरणारी माणसं असतात, पण दात कोरायला सोन्याची काडी घेणारा हा एकच.

तसा हार्लन वाईट माणूस नव्हता, आणि खरी पंचाईत तीच होती. वाईट असता तर पुढचं काही त्याला टोचलंच नसतं. ऑरिन पेनर कोण आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं. हार्लनची बायको एडा आजारी पडली तेव्हा ऑरिनने तिला चौदा वेळा मिनेसोटाच्या इस्पितळात नेलं होतं. एकदा तर ऐन नाताळात, बर्फात. स्वतःच्या घरी नातवंडं ताटावर बसलेली, आणि हा गडी फोन खाली ठेवून निघाला. एडा त्याला म्हणायची, "तू उतरवतोस तेव्हा मला कळतच नाही रे, आपण जमिनीवर कधी आलो."

त्याच आठवड्यात, पंधरा तारखेला, विमानतळावरच्या छोट्या उपाहारगृहात दोघं बर्गर खायला बसले. हार्लनने तीनदा हवेचा विषय काढला. ऑरिन म्हणाला, "अरे, काय आहे ते ओक ना एकदाचं. कारखाना विकलास का?"

"विमेवाले नको म्हणतात, ऑरिन."

विमानं बाळगणाऱ्या लोकांत हे वाक्य म्हणजे दगडावरची रेघ. पोरगा बापाचं विमान मागायला आला, विमेवाले नको म्हणतात. मेव्हणा म्हणाला मला उडवू दे, विमेवाले नको म्हणतात. पुढे कुणी विचारत नाही, कारण विमेवाल्यांना तोंड नसतं आणि त्यांच्याशी भांडायला कुणी जात नाही. ऑरिननेही विचारलं नाही. त्याने फक्त बर्गर खाली ठेवला.

"वयामुळे?"

"वयामुळे. मी भांडलो त्यांच्याशी. खूप भांडलो."

या दुसऱ्या वाक्याची काही गरज होती का? मुळीच नव्हती. पण एक खोटं एकटं राहत नाही मेलं, लगेच सोबत शोधतं.

ऑरिनचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी भांडलास, हार्लन. एवढं कोण करतं?" असं म्हणून त्याने दोघांचंही बिल दिलं. हार्लन नको नको म्हणत राहिला, पण म्हाताऱ्याने ऐकलं नाही.

शेवटच्या उड्डाणाला गावच्या अग्निशामक मंडळाने दोन बंब आणले. वैमानिक निवृत्त होतो तेव्हा पाण्याची कमान करायची आणि विमान तिच्याखालून आणायचं, अशी रीत आहे. हार्लन मागे, नव्या कोऱ्या चामड्याच्या खुर्चीत बसला होता. खिडकीवरून पाणी धो धो वाहिलं, बाहेर माणसं टाळ्या वाजवत होती, आणि पुढे ऑरिन टोपी काढून डोकं खाजवत होता, कारण त्याला असल्या कौतुकाची सवय नव्हती. हँगरमध्ये त्याच्या बायकोने, लव्हिनाने, मोठ्या पातेल्यात खिमा-राजम्याची चिली आणि परातभर दालचिनीचे रोल आणले होते. तिने हार्लनला मिठीच मारली.

"ऑरिनने सांगितलं मला. भांडलास म्हणे तू त्यांच्याशी. देव तुझं भलं करो रे."

हार्लनने रोल तोंडात घातला तो घशाखाली उतरेना. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगीच नाही. तो पाणी पीत राहिला आणि लव्हिना त्याच्या पाठीवर थोपटत राहिली.

नवी वैमानिक केंड्रा बुलर, चौतिशीची, कामाला चोख. ऑरिनने तिला दोन आठवडे स्वतः येऊन विमानाच्या खोडी शिकवल्या, एक पैसा न घेता. हार्लन त्या दिवसांत हँगरकडे फिरकलाच नाही. कुणी ऑरिनचं नाव काढलं की याचं चित्त थाऱ्यावर राहायचं नाही. रविवारी चर्चमध्येही तो पेनर मंडळींच्या मागच्या बाकावर बसायचा, म्हणजे नजरेला नजर देणं नको.

मे महिन्यातल्या एका बुधवारी नेब्रास्काहून परतताना केंड्रा सहज बोलून गेली, "साहेब, ऑरिन ते पिवळं विमान विकतायत, तुम्हाला कळलं असेलच."

"कुठलं? त्याचं स्वतःचं?"

"दोन बसायचं. ते कोठारातलं."

हार्लन नीट सावरून बसला. ते पिवळं विमान ऑरिनने भंगारातून आणलं होतं आणि अकरा वर्षं शेतावरच्या कोठारात बसून हातांनी उभं केलं होतं. गव्हाच्या शेतामागे गवताची धावपट्टी होती. रविवारी चर्च सुटलं की गावची पोरं तिथे रांग लावायची, आणि ऑरिन एकेकाला मागे बसवून आपलं गाव वरून दाखवून आणायचा. अर्ध्या गावाने आपल्या घराचं छप्पर पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या पाठीमागे बसून.

"का विकतोय?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, एवढी मोठी कंपनी, तिने हजारो वैमानिक पाहिले असणार. तिने कागद बघून ठरवलं की पेनर नको. म्हणजे माझ्यात त्यांना काहीतरी दिसलं असणार, जे मला दिसत नाही. मग लोकांची लेकरं मागे कशी बसवू मी?" केंड्राने मान हलवली. "मी त्यांना म्हटलं, अहो, तुम्ही माझ्यापेक्षा अलगद विमान उतरवता. तर म्हणाले, पोरी, तू मनाची चांगली आहेस. शनिवारी सकाळी ओक्लाहोमाचा माणूस न्यायला येतोय."

हार्लनने फक्त नोकरी घेतली नव्हती. म्हाताऱ्याचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा काढून घेतला होता, आणि वर त्याचे आभार मानून घेतले होते. लाज वाटली त्याला, अशी की खिडकीबाहेर बघायचीसुद्धा चोरी झाली.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? विमान उतरल्या उतरल्या गाडी काढून ऑरिनच्या शेतावर गेला असता. हार्लन म्हणाला, उद्या. गुरुवारी टेक्सासचं गिऱ्हाईक होतं. शुक्रवारी त्याने हिय्या करून फोन लावला, तो नेमका लव्हिनाने उचलला, आणि हा शूरवीर चाचरत म्हणाला, "ते... दालचिनीच्या रोलची कृती हवी होती."

"तुला?" लव्हिना खो खो हसली. "अरे, तुला अंडं उकडता येत नाही!" पण तिने कृती सांगितली, सगळी, आणि यानेही ती लिहून घेतली. मैदा किती, यीस्ट किती, फुगायला किती वेळ ठेवायचं. ऑरिन घरात होता, त्याला बोलाव एवढंच याच्या तोंडून फुटलं नाही.

शनिवारी सकाळी मात्र त्याने रोबर्टाने पाठवलेलं ते पत्र छापून घेतलं आणि निघाला. मातीच्या रस्त्याला वळला तोच डोक्यावरून इंजिनाचा आवाज गेला. त्याने वर पाहिलं. पिवळं विमान दक्षिणेकडे चाललं होतं. हार्लनने गाडी थांबवली, स्टिअरिंगवर दोन्ही मुठी आपटल्या, स्वतःला एक शिवी घातली आणि पुन्हा गाडी चालू केली. परत फिरावं असं त्याच्या मनात आलं, नाही असं नाही. पण फिरला नाही.

ऑरिन रिकाम्या कोठाराच्या दारात उभा होता. "उशीर केलास, आत्ताच गेलं," तो म्हणाला. "माणूस बरा आहे. नीट ठेवील."

"ऑरिन, हे वाच." हार्लनने पत्र पुढे केलं.

ऑरिनने चष्मा लावला. ओठ हलवत, एकेक ओळ वाचू लागला. मध्येच थांबला, मागे गेला, पुन्हा वाचलं. आणि त्याचा चेहरा असा उजळला की हार्लनला बघवेना.

"लव्हिना!" तो ओरडला. "अगं लव्हिना, बाहेर ये! घेतायत मला!"

लव्हिना पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली. "काय झालं? कोण घेतंय?"

"विमेवाले! हे बघ काय लिहिलंय. 'सव्वीस वर्षांत एकही अपघात नाही. अशा वैमानिकाचा विमा उतरवायला आम्हाला आनंद वाटेल.' आनंद वाटेल म्हणतात, लव्हिना! परीक्षा दोनदा द्यायची, मग देईन की! चारदा देईन!" त्याने हार्लनचा खांदा गच्च धरून हलवला. "तू सोडलं नाहीस ना शेवटपर्यंत! महिनाभर भांडत होतास त्यांच्याशी?"

"तारीख बघ, ऑरिन."

"काय?"

"वरची तारीख."

ऑरिनने कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "तेरा एप्रिल," तो म्हणाला. अजून हसतच होता. "तेरा कशी असेल? पंधराला तर आपण बर्गर खाल्ला. त्या दिवशी तूच मला म्हणालास की..."

त्याचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ ते तोंडावर तसंच राहिलं. लव्हिनाला त्याच्या आधी कळलं. ती हार्लनकडे बघत दोन पावलं मागे सरकली आणि तिने हात एप्रनला पुसले.

"हार्लन," ऑरिनने विचारलं, अगदी हळू, "मग नको कोण म्हणालं?"

"मी," हार्लन म्हणाला.