जिजाने पाव घेतला नाही

डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्यांतली मीनल नव्हेच. मान खाली असायची, हाताची घडी असायची, पण पापण्यांच्या फटीतून साऱ्या हॉलवर लक्ष. नवरा अवधूत शाखेचा अध्यक्ष, तेव्हा शाखेची काळजी आपल्याच डोक्यावर, अशी तिची पक्की समजूत. लोक त्याला 'प्रेसिडेंट' म्हणत आणि तो लाजत असे. तिला कुणी काहीच म्हणत नसे, पण मिरवायची ती.

शाखा म्हणजे जेमतेम पंचवीस-तीस माणसं, सगळी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची. कुणी अंबरनाथची, कुणी बदलापूरची. उल्हासनगरात एका फर्निचरच्या दुकानावरचा हॉल भाड्याने घेतलेला. खाली सोफ्यांची घासाघीस चालायची, वर गीतं. दर रविवारी सभेत सॅक्रामेंट व्हायचं. टेबलावर पांढरंशुभ्र कापड, त्याखाली पावाचं ताट आणि इवल्याशा कपांतून पाणी. गीत चालू असताना पावाचे तुकडे करायचे, ठरलेली प्रार्थना अक्षर न चुकता म्हणायची, आणि मग ताट रांगेतून हातोहात फिरायचं. पाव ख्रिस्ताच्या देहाची आठवण, पाणी त्याच्या रक्ताची. तो तुकडा खाताना बाप्तिस्म्याच्या वेळी देवाला दिलेला शब्द पुन्हा द्यायचा. ज्याच्या मनाला काही टोचत असेल त्याने न घेता ताट पुढे द्यावं, आणि कुणी का घेतलं नाही ते इतरांनी बघू नये, अशी रीत. मीनलला ही रीत तोंडपाठ होती. शेवटचा भाग तेवढा तिला कधी पचला नाही.

जिजा बारवी धरणाकडच्या ठाकरवाडीतली, आदिवासी. चिखलोलीच्या नव्या इमारतींत धुण्याभांड्याला जायची. त्यातलं एक घर सुरुचीचं, आणि सुरुची शाखेतली. तिच्याबरोबर जिजा एकदा सभेला आली, मग दर रविवारी येत राहिली. पावसाळा सरल्यावर तिने बाप्तिस्माही घेतला. शिकवायचं काम अर्थातच मीनलने अंगावर घेतलं. पाव म्हणजे काय, पाणी म्हणजे काय, करार म्हणजे काय, सगळं साग्रसंगीत. जिजा ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "कळलं ताई." टेबलावरचं कापड धुऊन आणायचं काम तिने आपणहून मागून घेतलं. असं धुवायची की सुरुची म्हणाली, "हिने आमच्या मशीनची लाज काढली."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ताट जिजापाशी आलं आणि तिने काही न घेता शेजारणीकडे दिलं. पाण्याचंही तेच. मीनलच्या पापण्या ताडकन उघडल्या. जानेवारीच्या पहिल्या रविवारी पुन्हा तसंच. मधल्या सगळ्या रविवारी तिने घेतलं होतं, हेही मीनलने पाहिलं होतं, पण त्याचाही अर्थ तिच्याकडे तयार होता: बाई चुकते, पस्तावते, पुन्हा चुकते. पंथात दारूला बंदी, आणि जिजाचा नवरा सुकऱ्या ताडी पितो हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग काय, राईचा पर्वत व्हायला कितीसा वेळ?

"जिजा प्यायला लागलीय," घरी जेवताना ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?" अवधूतचा घास हातातच राहिला.

"सांगायला कशाला हवं? दोनदा ताट पुढे सरकवलं तिने."

"मीनल, ते बघायचं नसतं गं. ते तिचं आणि देवाचं. काही सांगावंसं वाटलं तर ती येईल माझ्याकडे."

"तू बस वाट बघत," मीनल म्हणाली, आणि पुढच्याच रविवारी सभा सुटल्यावर तिने जिजाला जिन्यापाशी गाठलं.

"जिजा, ते कापड मला दे. यापुढे मी धुवीन."

"का वो ताई? डाग रायला का?"

"डाग नाही. पण सध्या तू त्याला हात लावू नकोस. का, ते मी सांगायला नको."

आपण किती सांभाळून बोललो, असं मीनलला वाटलं. जिजाने तिच्याकडे पाहिलं, पिशवीतलं कापड काढलं, त्याची घडी पुन्हा नीट केली आणि दिलं. त्यानंतर ती आली नाही.

"बघ, चोराच्या मनात चांदणं," मीनल अवधूतला म्हणाली. त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिला भाजीत मीठ जास्त झाल्यासारखं वाटलं.

मार्चचा पहिला रविवार उजाडला. महिन्याचा पहिला रविवार म्हणजे शाखेत उपासाचा, दोन जेवणं सोडायची. सभा संपली आणि सुरुची मीनलजवळ येऊन बसली.

"ताई, जिजाचं कळलं का तुम्हाला? काल मी खोदून खोदून विचारलं, येत का नाहीस म्हणून. तर कापडाचं सांगून रडायलाच लागली. मला काही कळेना. तुमचं काय बिनसलं तिच्याशी?"

मीनलने ताटाचं सांगितलं, पिण्याचा संशयही. पहिला रविवार, दोन्ही वेळा.

सुरुचीने कपाळावर हात मारला. "अहो, उपास होता ना तिचा! निर्जळी धरते ती. मागे एकदा मला म्हणाली होती, 'उपासाला पाव कोन खातं? आमच्यात तर पानी पन नाय घेत.' मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल तिला."

मीनलने मनातल्या मनात उजळणी केली. देह शिकवला होता, रक्त शिकवलं होतं, करार शिकवला होता. उपासाच्या दिवशीही तो तुकडा चालतो, एवढं सांगायचं राहून गेलं होतं. स्वतःची तिला इतकी लाज वाटली की अवधूतने "निघायचं ना?" म्हटलं तेव्हा त्याच्याकडे तिला बघवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बदलापूरहून रिक्षा करून ती वाडीवर गेली. जिजा अंगणात वाल पाखडत होती. तिने उठून बसायला गोणपाट टाकलं, आतून पाणी आणून दिलं. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मीनलला वाटलं.

"जिजा, चुकलं माझं. मला वाटलं, तू..."

"प्यायला लागली. सकाळी सुरुचीताई बोलल्या." जिजाने सूप हलवलं. "उपासाला तो पाव चालतो व्हय?"

"चालतो. मी सांगायला हवं होतं. रविवारी ये तू. कापडही तूच धू. मी सगळ्यांसमोर माफी मागते तुझी."

जिजाने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"ताई, तुमी मना लई शिकवलं. खरं सांगू, त्यातलं थोडंच कळलं. पन पयल्या दिवशी मी आली ना, तवा ते ताट माझ्या हातातून तुमच्या हातात गेलं. तुमी त्यातलाच तुकडा उचलला आनि खाल्ला. मी बघत रायली. चिखलोलीत तीन घरी माझा कप येगला ठेवतात, खिडकीत. मना वाटलं, हितं येगला कप नाय. म्हनून मी त्या पान्यात उतरली, बाप्तिस्मा घेतला. दुसरं काय नव्हतं माझ्या मनात. आनि मग तुमीच बोललात, हात लावू नको."

"अगं, त्या अर्थाने नाही गं!" मीनल घाईने म्हणाली. "शपथेवर सांगते, तसलं काही माझ्या मनातसुद्धा नव्हतं."

"नसंल." जिजाने सूप बाजूला ठेवलं. "दिवाळीच्या आधी सुरुचीताईंनी पन एकदा ताट तसंच पुढं दिलं व्हतं. मी बाजूलाच व्हती. तुमी त्यांना काय बोललात?"

मीनलला आठवलं. सभा संपताच ती सुरुचीपाशी गेली होती. तिच्या कपाळाला हात लावून पाहिला होता, आणि रिक्षात बसवून देईपर्यंत तिच्यासोबत राहिली होती. सुरुचीच्या हातून काय घडलं असेल, हा विचार तेव्हा तिच्या मनाला शिवलाही नव्हता.

"बरं नाही का वाटत, असं विचारलं," ती कशीबशी म्हणाली.

"मग मना का नाय इचारलं तसं?"

जिजा भांडत नव्हती. ती खरंच विचारत होती आणि उत्तरासाठी थांबली होती. मीनलजवळ उत्तर होतं. पण ते जिजाला आधीपासून ठाऊक होतं आणि आपल्याला आज कळतंय, हे तिच्या लक्षात आलं.