सर्व प्रेताधिकार राखीव

आत्याबाई कुणाच्याच आत्या नव्हत्या. त्यांना भाऊच नव्हता, मग भाचरं कुठून येणार! नाव पडलं ते सदरामुळे. तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या एका साप्ताहिकात दर गुरुवारी त्यांचं ‘आत्याबाईच्या मिशा’ हे सदर यायचं. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणून आपण विषय सोडून देतो. तंत्रज्ञानाची बातमी देणारे मात्र सोडत नाहीत. आत्याबाईला मिशा फुटणारच, येत्या पाच वर्षांत फुटणार, असं ते छापतात आणि वर त्या मिशांना लावायचं तेल आगाऊ विकतात. बाईंचं काम एवढंच, की दर आठवड्याला ओठावरून हात फिरवून बघायचा आणि अजून काही नाही, असं जाहीर करायचं.

हे काम त्या मन लावून करत. ‘किरकोळ दोष दुरुस्त केले आहेत’ असं दर आठवड्याला येऊन सांगणारा नळवाला असता, आणि नळ तरीही गळत राहिला असता, तर लोकांनी त्याला धड जिना उतरू दिला नसता. सॉफ्टवेअरवाल्याला मात्र आपण मुकाट ‘ठीक आहे’चं बटण दाबून देतो, असं त्यांनी लिहिलं होतं. पैसे मोजून घेतलेलं पुस्तक एके दिवशी मोबाइलमधून गायब झालं, तेव्हा त्यांनी लिहिलं की दुकानदाराने घरात शिरून कपाटातलं पुस्तक नेलं तर त्याला चोर म्हणतात, आणि तेच दूर बसून केलं तर त्याला ‘अटींमधील बदल’ म्हणतात. आणि प्रत्येक लेखात तोंडी लावायला ‘आमचे हे’ असायचे, म्हणजे बाईंचा नवरा. नवं यंत्र बाजारात आलं, की त्याच्यासमोर आमच्या ह्यांनी काय गोंधळ घातला, इथूनच लेख सुरू व्हायचा. वाचकांना ‘आमचे हे’ फार आवडत.

खरे ‘हे’ दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवत. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. गुरुवारी सकाळी चहाबरोबर ते अंक उघडत, बायकोचा लेख शेवटपर्यंत वाचत, नाकातून एकदा श्वास सोडत आणि कामाला जात. तो श्वास म्हणजे पसंती, असं बाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

बाईंचा सगळ्यात गाजलेला शब्द मात्र चुकून जन्माला आला. कॉपीराइटला मराठीत प्रताधिकार म्हणतात, प्रत काढण्याचा अधिकार. एकदा घाईत टाइप करताना एक मात्रा जास्त पडली आणि झालं ‘प्रेताधिकार’. मुद्रितशोधकाने त्याच्याभोवती लाल गोल काढला. बाई त्या गोलाकडे बघत राहिल्या.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “हेच बरोबर आहे. लिहिणारा जिवंत असेपर्यंत त्याला या हक्काचे चार दाणे मिळत नाहीत. तो मेला, की कुठलीतरी कंपनी वर्षानुवर्षं त्याच्या नावावर जेवते. हा हक्क प्रतीवरचा नव्हेच, प्रेतावरचा आहे.”

तेव्हापासून कार्यालयात नियम झाला: आत्याबाईंच्या मजकुरातल्या प्रेताला हात लावायचा नाही. पुढे इतर लोकही तोच शब्द लिहू लागले. आधी गंमत म्हणून आणि मग सवयीने.

कार्यालय टायरच्या दुकानावर होतं आणि आत येणाऱ्या प्रत्येक बातमीला रबराचा वास यायचा. एका सोमवारी संपादकाने बाईंना काचेच्या खोलीत बोलावलं. हा संपादक बाईंच्या हाताखाली शिकून मोठा झालेला. आता मोठा झाला होता आणि शिकणं थांबलं होतं. शेजारी एका सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस बसला होता.

“आम्ही अत्यंत उत्साहित आहोत,” कंपनीवाला म्हणाला. चेहऱ्यावरची माशी हलली नाही. “आमच्या ‘सहलेखक’ने तुमची सगळी सदरं वाचली आहेत, मॅडम.”

“असं? मग हसला कुठे कुठे?”

“तो हसत नाही. तो शिकतो.”

“म्हणजे आमच्या संपादकाच्या अगदी उलट.”

संपादकाने घसा साफ केला. “आत्याबाई, आता तुमच्यावर दर आठवड्याचा ताण नको. लेख सहलेखक लिहील, कोर्टकचेरी नको म्हणून फक्त खासगी माणसांना वगळून. तुम्ही फक्त नजर टाकायची. नाव तुमचंच, फोटो तुमचाच.”

“मला विचारलंस?”

“नोकरीला लागताना सही केली होती तुम्ही. इथे लिहिलेलं सगळं साप्ताहिकाचं.”

“अरे, लिहिलेलं छापायला दिलं होतं. दळून त्याच्या पिठाची दुसरी बाई थापायला नव्हे!”

“काळ बदलतोय, आत्याबाई.”

“काळ बदलत नाही रे. तुझ्यासारखे लोक त्याच्या नावावर आपली बिलं फाडतात.”

बाईंनी नजर टाकायला साफ नकार दिला. त्यांच्या नजरेवाचून कुणाचं काही अडलं नाही. गुरुवारी लेख छापून आला, वर बाईंचा फोटो, खाली बाईंचं नाव. बाई चहा गाळत होत्या आणि मागे हे वाचत होते. आणि मग बाईंना एक आवाज ऐकू आला, जो त्यांनी सदराच्या बाबतीत आजवर कधीच ऐकला नव्हता. हे हसत होते. चांगले मोठ्याने, खांदे हलवून.

“अगं, झकास! किती दिवसांनी असं वाचायला मिळालं.”

“मी नाही लिहिलेलं ते,” बाई म्हणाल्या.

ह्यांनी अंकाची घडी घातली. “असं होय,” म्हणाले आणि मागच्या खोलीत निघून गेले.

नाव गेलं, फोटो गेला, बाईंनी ते एक वेळ सोसलं असतं. ते हसणं मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. जन्मभर ज्या माणसाकडून एक श्वास मिळाला, त्याच्याकडून एका यंत्राने पहिल्याच फटक्यात हसू काढलं, तेही बाईंच्याच शब्दांवर डल्ला मारून! लेख त्यांनी तीनदा वाचला. सगळं होतं, टोमणे होते, म्हणी होत्या, फक्त दात काढलेले होते. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, की आपला प्रत्येक लेख त्या यंत्राच्या पोटातून बाहेर काढायचा.

त्यांनी साप्ताहिकाच्या मालकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, ‘आपल्या भावना आम्ही समजू शकतो.’ ते सहलेखकाने लिहिलं होतं, हे सांगायला नकोच. मालकाला भावना समजल्याची तोवर एकही नोंद नव्हती. वकिलाने सहीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. बाईंच्या जवळचे उपाय संपले.

काम झालं ते त्या जास्तीच्या मात्रेनं.

कार्यालयाने एव्हाना सगळंच लिहिणं सहलेखकावर टाकलं होतं, कारण फुकटात मिळालेला नोकर माणसाला बसू देत नाही. आणि सहलेखक कॉपीराइटबद्दल जे काही शिकला होता ते बाईंच्या लेखांतून. एका दुसऱ्या वेबसाइटने साप्ताहिकाच्या बातम्या उचलल्या, तेव्हा त्याने तिला खणखणीत कायदेशीर नोटीस लिहिली: ‘आपण आमच्या प्रेताधिकाराचा भंग केला आहे. आमचे सर्व प्रेताधिकार राखीव आहेत.’ संपादकाने ती वाचून सही केली. इतकी वर्षं हा शब्द डोळ्यांखालून गेल्यावर डोळे कशाला अडखळतील?

समोरच्या वकिलाचे डोळे अडखळले. त्याने उत्तर दिलं: ‘आमच्या अशिलाने आपल्या कोणत्याही प्रेतास स्पर्श केलेला नाही. आपल्या ताब्यातील प्रेतांची मोजदाद आपणच करावी, आणि ती राखीव ठेवण्याऐवजी त्यांची योग्य ती व्यवस्था लावावी.’ त्या वेबसाइटने नोटीस आणि उत्तर शेजारी शेजारी छापलं. तंत्रज्ञानावर लिहिणारे सगळे आठवडाभर दुसरं काही लिहीत नव्हते.

मालक भडकला. कंपनीवाला धावत आला आणि म्हणाला, सोपं आहे, जिथे जिथे ‘प्रेत’ असेल तिथे ‘प्रत’ करून टाकू. केलं. मालकाचं एक दैनिकही होतं आणि तेही सहलेखकावरच चाले, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी दैनिकाच्या पहिल्या पानावर बातमी होती, ‘नदीकाठी अनोळखी इसमाचे प्रत सापडले’. आतल्या पानावर एका बड्या उद्योजकाच्या प्रतयात्रेला लोटलेल्या गर्दीचं वर्णन होतं. उद्योजकाचे तिन्ही मुलगे दुपारी मालकाच्या कार्यालयात येऊन बसले.

“शब्द एकटा निघत नाही, सर,” कंपनीवाला शेवटी कबूल झाला. “तो जिथून शिकला ते सगळंच काढावं लागेल.”

“म्हणजे?”

“म्हणजे मॅडम काढाव्या लागतील.”

संपादक फुलांचा गुच्छ घेऊन बाईंच्या घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, “एवढंच जाहीर करा, आत्याबाई, की तो शब्द ही तुमची चूक होती. मालकांची तेवढी लाज राखा.”

“आनंदाने. चूक माझीच आहे. आणि चूक माझी, म्हणजे मालकीही माझी. माझे लेख त्या यंत्रातून काढा, त्यांचे हक्क मला लिहून द्या, गुरुवारची जागा परत द्या. मग कितीही चुका कबूल करून घे.”

संपादकाला ती पडत्या फळाची आज्ञाच होती. आठवड्याभरात सगळं झालं. बाईंवाचून रिकाम्या झालेल्या सहलेखकाला दुसरं सदर देण्यात आलं. त्याचं नाव ‘काका’. त्यात सगळ्याच कंपन्या उत्साहित असत. ते कुणाला आवडेना आणि कुणाला खटकेना, त्यामुळे धंद्याला उत्तम होतं.

बाई विजयाचा लेख लिहायला बसल्या. हात शिवशिवत होते. त्यांनी सुरुवात झोकात केली: ‘आमच्या ह्यांना बायको आणि यंत्र यांतला फरक कळत नाही, हे मला परवा चहा गाळताना समजलं.’ पुढे ह्यांचं हसणं, खांदे हलणं, ‘झकास’ म्हणणं, सगळं आलं. लेख इतका जमला, की छापायच्या आधी वाचून दाखवायचा मोह त्यांना पहिल्यांदाच झाला. कागद घेऊन त्या मागच्या खोलीत गेल्या. हे एका कवळीला पॉलिश करत होते. हात कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरे.

बाईंनी पहिला परिच्छेद वाचला. ह्यांनी मोटर बंद केली.

“हे छापणार?”

“का? खरंच तर आहे.”

“मी फसलो नव्हतो,” हे म्हणाले. “चार ओळींत कळलं, की हे तुझं नाही.”

“मग एवढे हसलात कशाला?”

“त्यात मी नव्हतो.”

बाईंना आधी समजलंच नाही. मग आठवलं, की घरादारातल्या खासगी माणसांबद्दल लिहायला कंपनीने यंत्राला मनाई केली होती. सभ्यता नव्हे, कोर्टाची भीती.

“दर गुरुवारी अंक उघडला, की आधी माझं काय केलंयस ते शोधतो,” हे कवळी न्याहाळत म्हणाले. “ते शोधण्यात लेख संपतो. त्या दिवशी मी कुठेच सापडलो नाही. मग विनोद दिसले. आमच्याकडे चांगलेच विनोद होतात की, म्हटलं.”

“अहो, पण लोकांना तुम्ही आवडता!”

“बँकेतलं अंगठ्याचं यंत्र आठवतं? या प्लास्टरने बोटांवरच्या रेषा गेल्यात माझ्या, त्याला मी ओळखूच येईना. मागे रांग उभी. पुसून पुसून लावत होतो अंगठा. घरी येऊन तुला सांगितलं, कारण वाईट वाटलं होतं. तू शीर्षक दिलंस ‘अंगठेबहाद्दर’.” ते थांबले. “अजून दवाखान्यात गेलो की डॉक्टर तेच म्हणतो. या अंगठेबहाद्दर! त्याच्या निम्म्या पेशंटांच्या तोंडात माझे दात आहेत.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तू कधी विचारलंस?”

मालक, संपादक, कंपनी, वकील, सगळ्यांसाठी बाईंच्या जिभेवर उत्तर तयार असायचं. हा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःच काचेच्या खोलीत टेबलावर आपटला होता, आणि तेव्हा तो किती बिनतोड आहे असं वाटून त्यांना फार बरं वाटलं होतं.

त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. चांगला होता हो लेख.

“मग हे छापू का?” त्यांनी विचारलं. “एवढ्या वेळेपुरतं?”

विचारताना त्यांच्या मनात होकार गृहीत होता. आयुष्यभर त्यांनी ज्या कंपन्यांची सालटी काढली, त्यांचंही तसंच असतं. चौकोनात बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली असते आणि मग परवानगी विचारतात.

ह्यांनी खरंच विचार केला. घाई केली नाही.

“नको,” ते म्हणाले आणि मोटर सुरू केली.

बाई टेबलाशी परत आल्या. पहिला परिच्छेद काढला. मग दुसरा, कारण तोही ह्यांच्यावरच उभा होता. उरलं त्याला ना डोकं होतं ना हसू. कंपन्या होत्या, कायदा होता आणि भरपूर राग होता. फोन वाजला. संपादक होता.

“आत्याबाई, पान थांबवून ठेवलंय. लेख?”

“सुरुवात बदलतेय,” बाई म्हणाल्या. “ह्यांना वगळलंय; ज्याला हसायचं असं घरातलं दुसरं कुणीतरी लागणार आहे. आणि घरात मी एकटीच उरलेय.”