नवव्या मजल्यावरचं झाकण

मंगळवारी सकाळी लतिका परबने सासऱ्यांना पेज भरवली, त्यांची काठी पलंगाला टेकवून ठेवली आणि दवाखान्यात कामाला गेली. नवरा अजित आधीच बाहेर पडला होता. गिरणीत उभा जन्म काढलेले दत्ताराम अर्धांगवायूनंतर सावकाश चालत. शेजारच्या राधाकाकू दिवसभर घरी असत, म्हणून लतिका निर्धास्त होती.

अकराच्या सुमारास त्यांच्या नवव्या मजल्यावरच्या पॅसेजमधल्या वायरींच्या डक्टने पेट घेतला. राधाकाकू दार लावून टीव्ही पाहत होत्या. धूर त्यांच्या घरात शिरला तोवर दत्ताराम उंबऱ्याशी पडले होते. भाजले कुठेच नव्हते. धुरानेच गेले.

"एक घंटा वाजली असती, तर मी त्यांना जिन्याने खाली नेलं असतं गो," काकू म्हणाल्या.

अग्निशमन अधिकाऱ्याने पॅसेजच्या छतावरचं धूर ओळखणारं यंत्र फिरवून काढलं. आत ना सेन्सर होता, ना वायर. नुसतं प्लॅस्टिकचं झाकण. लतिकाने घरातलं काढून पाहिलं. तेही पोकळ. अधिकाऱ्याने मग प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमधलं उघडलं; सगळी तशीच.

दर सहा महिन्यांनी तपासणी झाल्याचे दाखले मात्र सोसायटीच्या फायलीत होते. तपासणी करणाऱ्या एजन्सीच्या शिक्क्याखाली सेक्रेटरीची सही होती. दीपक दत्ताराम परब. लतिकाचा दीर, चौथ्या मजल्यावर राहणारा.

तेराव्याचं जेवण झाल्यावर दीपक पोलिसांना द्यायच्या जबाबाचा कागद घेऊन आला. देव्हाऱ्यातल्या निरांजनाने आग लागली, असं त्यात लिहिलं होतं.

"सही कर वहिनी. एजन्सीवाला पेपर आणायचा, मी सही मारायचो. सगळ्या सोसायट्यांत असंच चालतं."

"एकदा तरी वर चढून बघितलंस?"

त्याने पेन पुढे केलं. अजित म्हणाला, "लतिका, भाऊ आहे माझा. घरातलं घरात ठेव."

"घरातलं माणूस घरातच मेलं," लतिका म्हणाली. तिने कागद चार तुकडे करून दिराच्या हातात ठेवला.

रविवारी सोसायटीची सभा भरली. लतिकाने फाईल दीपकपुढे ठेवली. "वाच. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"नववा मजला, पॅसेज. धूर सोडून पाहिला. घंटा वाजली." दीपकने वाचलं.

"खरं काय होतं?"

"झाकण."

"आता पहिल्यापासून वाच."

चौदा मजले तिने त्याला वाचायला लावले. प्रत्येक मजल्याला तोच प्रश्न, तेच उत्तर. सातव्यावर तो रडू लागला. कोणीतरी पाणी पुढे केलं. लतिका म्हणाली, "वाचून झाल्यावर दे."

सगळं इतिवृत्तात नोंदवलं गेलं. सभासदांच्या सह्या घेऊन ती थेट पोलीस ठाण्यात गेली. तक्रारीत दोन नावं होती, एजन्सीच्या मालकाचं आणि दिराचं. दिराच्या नावावर बोट ठेवून हवालदाराने विचारलं, "नातं?" तिने सांगितलं, "मेलेल्या माणसाचा मुलगा."

बाहेर अजित उभा होता. "झालं समाधान?"

"नाही. समाधान व्हायला बाबा परत यायला हवेत. ते येणार नाहीत, म्हणून यांना सोडणार नाही."

त्या संध्याकाळी चौदाही मजल्यांवर लोक आपापल्या घरात स्टुलांवर चढून छतावरची झाकणं फिरवत होते. इतकी वर्षं त्यांच्याखाली निजताना एकानेही वर हात घातला नव्हता. वाचकहो, तुम्ही घातला आहे का?